शितावरून अणूची परीक्षा

भात शिजला की नाही हे ठरविण्यासाठी पातेल्यातील प्रत्येक दाणा कोणी चेपून पाहत नाही. दोन-चार शिते बोटांनी दाबली की पुरेसे होते. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण सहज वापरतो. पण तीत संख्याशास्त्राचे एक मोठे तत्त्व दडलेले आहे. निवडणुकीपूर्वीच्या जनमत चाचण्या, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाची तपासणी, हे सारे याच तत्त्वावर चालते. थोड्यांची चौकशी करावयाची आणि सर्वांविषयी अनुमान काढावयाचे. भौतिकशास्त्रज्ञांनी हीच युक्ती १९९० च्या दशकात एका हट्टी प्रश्नावर योजली. भोवतालापासून अलग राहू न शकणाऱ्या अणूचे गणित कसे करावे, हा तो प्रश्न. युक्ती योजली ती संगणकाची मेहनत वाचविण्यासाठी. पण तिच्यातून अणूच्या वागणुकीबद्दल जे हाती आले, ते त्या बचतीपेक्षा अधिक मोलाचे ठरले.

यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम वा हेतू नसलेले, नमुने घेऊन गणित सोडविण्याच्या रीतीला 'मोन्टे कार्लो पद्धत' म्हणतात. तिचा जन्म पत्त्यांच्या डावातून झाला. गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम हे १९४६ साली आजारातून उठत असताना एकट्याने खेळावयाचा पत्त्यांचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्रांनी काढण्याची खटपट त्यांनी केली आणि मग त्यांच्या ध्यानात आले की, त्यापेक्षा शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते मोजावे, हे सोपे. लॉस अलामोस येथील अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत त्या वेळी न्यूट्रॉन धातूच्या गोळ्यात कसे पसरतात हा प्रश्न होता. उलाम यांनी आपली कल्पना जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली आणि 'एनिअॅक' या आद्य संगणकावर ती प्रत्यक्षात आली. मोनॅकोतील जुगारघरांवरून पडलेले हे नाव निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचविले. उलाम यांचे एक काका मोन्टे कार्लोला जाण्यासाठी नातेवाइकांकडून उसने पैसे घेत, अशी त्यामागची कथा. मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा लेख १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

न्यूट्रॉनच्या बाबतीत फासे टाकणे समजण्यासारखे आहे. न्यूट्रॉन पुष्कळ असतात, प्रत्येकाची वाट निराळी असते, त्यांतील काहींच्या वाटा फासे टाकून आखाव्यात आणि सरासरी काढावी. पण एकाच अणूसाठी फासे का टाकावेत?

त्यासाठी आधी थोडे मागे जावयास हवे. क्वांटम सिद्धांतात अनिश्चितता असते हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. पण श्रोडिंगर यांचे मूळ समीकरण मुळीच अनिश्चित नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एखादा अणू जगापासून पूर्णपणे अलग असेल, तर त्याची आजची अवस्था कळली की उद्याची अवस्था त्या समीकरणाने नेमकी मिळते. फाशांना तेथे वावच नसतो. अडचण अशी की, असा अलग अणू कोठेच नसतो. सोडियमचा अणू घ्या. जुन्या रस्त्यांवरच्या पिवळ्या दिव्यांत तो असे. उत्तेजित झाल्यावर तो सरासरी १६ नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सोळापट वेळात, प्रकाशाचा एक कण म्हणजे फोटॉन बाहेर टाकून शांत होतो. तो फोटॉन कोणत्या क्षणी आणि कोणत्या दिशेला सुटेल हे सांगता येत नाही. आणि एकदा सुटला की तो अणूविषयीची माहिती घेऊन भोवतालात नाहीसा होतो. ज्या प्रणालीतून अशी ऊर्जा आणि माहिती सतत गळत असते, तिला 'खुली प्रणाली' म्हणतात. खरे पाहता साऱ्याच प्रणाली खुल्या. बंद प्रणाली हीच पाठ्यपुस्तकातील सोय.

भोवतालाचेही समीकरण मांडावे म्हटले, तर त्यात सारे विश्व येते. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग धरला. भोवतालाचा तपशील सोडून द्यावा आणि त्याचा अणूवर सरासरीने काय परिणाम होतो तेवढेच लिहावे. अशा सरासरीच्या समीकरणाचे सर्वसाधारण रूप १९७६ साली सिद्ध झाले. एकीकडे स्वीडनचे योरान लिंडब्लाड आणि दुसरीकडे इटलीचे गोरिनी, पोलंडचे कोसाकोव्स्की आणि अमेरिकेत टेक्सास येथे असलेले ई. सी. जी. सुदर्शन, अशा दोन ठिकाणी ते स्वतंत्रपणे निघाले. केरळात जन्मलेल्या सुदर्शन यांच्या संशोधनाचा आरंभ १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला होता. पुढे या समीकरणाला जगभर लिंडब्लाड यांचेच नाव अधिक चिकटले. अलीकडे चौघांची आद्याक्षरे जोडण्याची प्रथा वाढत आहे, ती न्याय्यच म्हणावयास हवी.

हे समीकरण अचूक आहे. पण महाग आहे. बंद प्रणालीची अवस्था लिहिण्यास संख्यांची एक यादी पुरते. खुल्या प्रणालीची सरासरी अवस्था लिहिण्यासाठी मात्र आडव्या-उभ्या ओळींची चौकोनी सारणी लागते, कारण प्रत्येक अवस्थेचा दुसऱ्या प्रत्येक अवस्थेशी असलेला संबंध नोंदवावा लागतो. तिला 'घनता सारणी' म्हणतात. यादीत हजार आकडे असतील, तर सारणीत दहा लाख. दोन-दोन अवस्था असलेले २० अणू घेतले, तर यादीत १०,४८,५७६ संख्या येतात आणि त्या संगणकाच्या १६ मेगाबाइट स्मृतीत मावतात. मोबाइलमधील चार-पाच छायाचित्रांएवढी ती जागा. त्याच २० अणूंची घनता सारणी साठवावयास सुमारे १७.६ टेराबाइट लागतात. घरचा संगणक पहिले काम हसत-हसत करील. दुसऱ्यासाठी मोठ्या संगणक केंद्राचे दार ठोठवावे लागेल.

या ठिकाणी फासे उपयोगी पडतात. १९९२ साली पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेतील ज्याँ दालिबार, इव्हाँ कास्तँ आणि क्लाउस मोल्मर यांनी, तसेच त्यांच्यापासून स्वतंत्रपणे डुम, झोलर आणि रिच यांनी, या सारणीला बगल देणारी रीत मांडली. हॉवर्ड कारमायकेल हेही त्याच सुमारास त्याच दिशेने चालले होते आणि 'क्वांटम ट्रॅजेक्टरी' हे नाव त्यांनी रूढ केले. शब्दशः त्याचा अर्थ 'क्वांटम मार्ग'. येथे आपण त्याला अणूचे 'चरित्र' म्हणू. (दालिबार म्हणजे १९८२ साली अॅलँ आस्पे यांच्या प्रसिद्ध प्रयोगात सहभागी असलेले तेच तरुण संशोधक.) कल्पना अशी : सर्व शक्यतांची सरासरी एकदम काढू नका. एका अणूचे एक चरित्र लिहा; फोटॉन केव्हा सुटला हे फाशाने ठरवा. मग दुसरे चरित्र लिहा, तिसरे लिहा. अशी काही शे चरित्रे झाली की त्यांची सरासरी घ्या. प्रत्येक चरित्राला सारणी लागत नाही, केवळ यादी लागते.

ऐकावयास हे साधे वाटते. पण त्यात एक विलक्षण बारकावा आहे आणि तो आकड्यांनीच समजून घेणे बरे. एका अणूला शांत आणि उत्तेजित अशा दोनच अवस्था आहेत असे समजू. अणू आरंभी अध्यारोपित अवस्थेत आहे. म्हणजे त्यात दोन्हींचा अंश एकाच वेळी आहे आणि दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा आहे. अणूभोवती सर्व बाजूंनी अचूक शोधक यंत्रे लावली आहेत. एकही फोटॉन नजरेतून सुटणार नाही. उत्तेजित अवस्थेचे अर्धायुष्य आपण एक 'पळ' मानू. आता एक पळ गेला आणि यंत्रांना काहीच दिसले नाही. अणूची अवस्था आता काय?

सामान्य बुद्धी म्हणेल, काही घडलेच नाही, तेव्हा अवस्था होती तीच. क्वांटम सिद्धांत म्हणतो, नाही. फोटॉन न दिसणे हीदेखील एक बातमीच आहे. पाहुण्याने 'निघालो की फोन करतो' असे सांगितलेले असते. तास गेला, दोन तास गेले, फोन वाजला नाही, तर पाहुणा आज येतच नसावा हा संशय बळावत जातो. तसेच येथे. अणूत उत्तेजित अंश असता तर फोटॉन एव्हाना दिसण्याचा संभव होता. दिसला नाही, त्या अर्थी तो अंश कमी मानला पाहिजे. हिशेब असा : आरंभी दोन्ही वाटे ०.५. पहिल्या पळानंतर उत्तेजित वाटा निम्मा होऊन ०.२५ उरतो; शांत वाटा ०.५ च राहतो. बेरीज ०.७५. म्हणजे उत्तेजित असण्याची संभाव्यता आता एक तृतीयांश. शांततेचा दुसरा पळ गेल्यावर ती एक पंचमांश होते, तिसऱ्यानंतर एक नवमांश. फोटॉन न टाकताच अणू हळूहळू शांत होत जातो.

पाहुण्याची उपमा मात्र येथे थांबवावी लागते. पाहुणा निघाला की नाही हे मुळात ठरलेले असते. बदलतो तो फक्त आपला अंदाज. अणूच्या बाबतीत अध्यारोपित अवस्थाच स्वतः सरकत जाते. शांत आणि उत्तेजित अंशांमधील नाजूक संबंध टिकून राहतो आणि त्यांचे प्रमाण तेवढे बदलते. योग्य प्रयोगाने तो संबंध तपासताही येतो. एरवी 'काही न दिसणे' हा प्रयोगाचा निष्कर्ष आहे असे कोणी म्हटले असते, तर आपण हसलो असतो.

संगणकाला हे शिकवावयाची युक्तीही सुबक आहे. अवस्थेच्या एकूण संभाव्यतेची बेरीज नेहमी १ असावी लागते. दालिबार आणि सहकाऱ्यांच्या रीतीत समीकरणाला मुद्दाम गळती ठेवतात. गळक्या घागरीसारखी ती बेरीज १ वरून खाली येऊ लागते. आपल्या उदाहरणात पहिल्या पळाला ०.७५, दुसऱ्याला ०.६२५, तिसऱ्याला ०.५६२५. आरंभीच शून्य आणि एक यांच्या दरम्यानची एक यादृच्छिक संख्या काढून ठेवतात. घागरीची पातळी त्या संख्येपर्यंत उतरली की फोटॉन सुटला असे समजावयाचे, अणूला एकदम शांत अवस्थेत टाकावयाचे, घागर पुन्हा काठोकाठ भरावयाची आणि पुढची संख्या काढावयाची. संख्या ०.८३ निघाली, तर पहिला पळ संपण्यापूर्वीच अणू उडी घेईल. ०.३१ निघाली, तर पातळी तेथवर कधीच उतरणार नाही, कारण अर्धी घागर शांत अंशाची आहे आणि ती गळत नाही. त्या चरित्रात फोटॉन कधीच सुटत नाही.

आता सरासरी जुळते का ते पाहू. हजार चरित्रे लिहिली. पहिल्या पळाअखेर साधारण २५० चरित्रांत उडी पडून अणू पूर्ण शांत झालेला असेल. उरलेल्या ७५० चरित्रांत प्रत्येकी एक तृतीयांश उत्तेजित अंश, म्हणजे एकूण २५०. हजारांत २५०, अर्थात ०.२५. सरासरीचे महागडे समीकरणही नेमके हेच उत्तर देते, कारण आरंभीचे ०.५ एका अर्धायुष्यात निम्मे होतात. शांत राहिलेल्या ७५० अणूंची अवस्था आपण 'होती तशीच', म्हणजे निम्मी-निम्मी, धरली असती, तर हजारांत ३७५ असे चुकीचे उत्तर आले असते. न घडलेल्या घटनेचा हिशेब ठेवला नाही, तर सारे गणित कोसळते.

किती चरित्रे पुरतात? येथे जनमत चाचणीचाच नियम लागतो. संभाव्यता निम्म्याच्या आसपास असेल, तर १०० चरित्रांत सुमारे पाच टक्के-बिंदूंची चूक संभवते, ४०० चरित्रांत अडीच, १० हजारांत अर्धा. चूक निम्मी करावयाची तर श्रम चौपट. हा व्यवहार तसा आतबट्ट्याचा. पण त्याची दुसरी बाजू फार उदार आहे. चूक ही नमुन्यांच्या संख्येवर अवलंबून असते, प्रणालीच्या आकारावर जवळजवळ नाही. भात घरच्या पातेल्यातला असो वा लग्नाच्या पंगतीचा, शिते तेवढीच चेपावी लागतात. म्हणूनच प्रणाली जितकी मोठी, तितकी ही पद्धत किफायतशीर. शिवाय प्रत्येक चरित्र स्वतंत्र असल्याने शंभर संगणकांना प्रत्येकी दहा-दहा चरित्रे वाटून देता येतात. एकमेकांची वाट पाहावी लागत नाही.

लेझरच्या झोतांनी अणू थंड करण्याच्या तंत्रात तिची पहिली कसोटी लागली. तेथे अणू फोटॉन गिळतो, टाकतो आणि प्रत्येक वेळी धक्का खातो. तिन्ही मितींतील त्याची गती आणि अंतर्गत अवस्था एकत्र धरल्या, तर घनता सारणी आवाक्याबाहेर जाते. कास्तँ आणि मोल्मर यांनी १९९५ मध्ये तीन मितींतील गणित याच पद्धतीने करून दाखविले. (याच तंत्रासाठी १९९७ चे नोबेल पारितोषिक स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना मिळाले.) आज ही पद्धत 'क्यूटिप' सारख्या मोफत संगणक-प्रणालीत तयार मिळते आणि पदव्युत्तर विद्यार्थीही ती दुपारभरात चालवू शकतो.

येथवर ही गोष्ट हिशेबाच्या सोयीची झाली. पण ही चरित्रे खरी असतात का? १९१३ साली नील्स बोर यांनी अणूत इलेक्ट्रॉन उडी घेतो असे म्हटले, तेव्हापासून हा वाद आहे. श्रोडिंगर यांना या उड्या अजिबात मान्य नव्हत्या. १९५२ मध्ये त्यांनी लिहिले की, आपण एकट्या अणूवर कधी प्रयोग करतच नाही. प्राणिसंग्रहालयात प्रागैतिहासिक जलचरांची पैदास करण्याइतकेच ते अशक्य आहे, असा त्यांचा आशय होता. त्या काळात ते चूक म्हणता येत नव्हते. प्रयोगशाळेत कोट्यवधी अणूंचा मिळून प्रकाश मोजला जाई आणि कोट्यवधींच्या सरासरीत एकाची उडी दिसणार कशी?

तीस-पस्तीस वर्षांतच ते शक्य झाले. १९८६ साली सिअॅटल, हॅम्बर्ग आणि बोल्डर येथील तीन गटांनी विद्युतक्षेत्रांच्या सापळ्यात एकेकटा आयन पकडून त्यावर लेझर सोडला. पहिल्या दोघांकडे बेरियम होते, तिसऱ्याकडे पारा. लेझरखाली आयन सतत चमकतो. पण मधूनच तो अशा एका अवस्थेत जातो की तेथून लवकर परतता येत नाही. बेरियमच्या बाबतीत सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास तो तेथे अडकतो. त्या काळात चमक थांबते. नोंदीचा आलेख तारायंत्राच्या टिपणासारखा दिसला : उजेड, अंधार, पुन्हा उजेड, आणि मधले संक्रमण यंत्राच्या मापात न मावणारे. अनेक आयनांची सरासरी काढली, तर हा आलेख मधल्याच एका मंद पातळीवर सपाट होतो. आणि तशी मंद पातळी एकट्या आयनाने कधीच दाखविलेली नसते. सरासरी बरोबर असते, पण ती कोणाचीच कहाणी नसते.

अशी उघडझाप दिसेल असे कुक आणि किंबल यांनी १९८५ मध्येच सांगितले होते. त्या अंधाऱ्या अवधींचे गणित कोहेन-तानुजी आणि दालिबार यांनी १९८६ साली मांडले आणि त्याचा गाभा 'फोटॉन न दिसल्याने अवस्था बदलते' हाच होता. संगणकाची युक्ती सहा वर्षांनी आली ती याच विचारातून. पुढे २००७ मध्ये पॅरिसलाच सर्ज आरोश यांच्या गटाने दोन आरशांमध्ये कोंडलेल्या एकाच फोटॉनचा जन्म आणि मृत्यू टिपला. त्या पोकळीत फोटॉन सरासरी ०.१३ सेकंद टिकत असे. आरोश आणि बोल्डरच्या गटातील डेव्हिड वाइनलँड यांना २०१२ चे नोबेल मिळाले. २०११ मध्ये अतिवाहक धातूच्या मंडलापासून बनविलेल्या 'कृत्रिम अणू'च्या उड्या बर्कली येथे प्रथम दिसल्या. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक आर. विजय पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

तेव्हा संगणकातील फासे हे निसर्गातील फाशांचेच चित्र आहे, असे म्हणून मोकळे व्हावे काय? थोडे थांबावे लागेल. त्याच सरासरीच्या समीकरणाची चरित्रे एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतात. अणूचा मंद प्रकाश शोधकावर पोचण्यापूर्वी त्यात लेझरचा प्रखर प्रकाश मिसळला, तर मोजलेला फोटॉन अणूचा की लेझरचा हे ओळखता येत नाही. मग उड्या नाहीशा होतात. अणूची अवस्था वाऱ्यावर हेलकावणाऱ्या दिव्याच्या ज्योतीसारखी सतत डगमगत राहते. अशा चरित्रांचे गणित गिझिन आणि पर्सिव्हल यांनी १९९२ मध्येच मांडले. अणू तोच, भोवताल तोच, सरासरीही तीच. बदलली ती भोवतालाकडे पाहण्याची रीत आणि तिच्यासरशी चरित्रच बदलले.

प्रस्तुत लेखकाला यातून एवढेच म्हणावेसे वाटते की, 'अणूत खरोखर काय घडले' हा प्रश्न 'कोणत्या यंत्राने पाहिले' हे सांगितल्याशिवाय अपुरा आहे. कोणी पाहतच नसेल, तर उड्यांचे चरित्र आणि डगमगीचे चरित्र ही दोन्ही हिशेबाची साधने ठरतात. जे सोपे ते वापरावे. यंत्र लावले असेल, तर मात्र त्या यंत्राशी जुळणारे चरित्र ही त्या प्रयोगाची खरी नोंद असते. आइनस्टाइन यांना देवाने फासे टाकणे रुचत नव्हते. येथे तर फाशांचा प्रकारही प्रयोग करणारा ठरवतो. गंमत अशी की, संगणकाच्या यादृच्छिक संख्या स्वतः एका ठरीव सूत्रानेच निघतात. निसर्गातील अनिश्चिततेची नक्कल एक पूर्णतः निश्चित यंत्र करीत असते!

पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण तिच्याकडून भलत्या अपेक्षा केल्या जातात. शितावरून भात शिजला की नाही हे कळते. भातात खडा आहे का हे कळत नाही. दहा लाखांत एकदा घडणारी घटना हजार चरित्रांत बहुधा दिसणारच नाही. त्यासाठी फासे मुद्दाम कलते करून, म्हणजे दुर्मीळ घटना अधिक वेळा घडवून आणून, मागाहून त्यांचे वजन तेवढे कमी धरावे लागते. दुसरी गोष्ट, भोवताल विसराळू आहे असे हे समीकरण गृहीत धरते. गेलेला फोटॉन परत येत नाही. घन पदार्थांत भोवताल कधी कधी गेलेली माहिती परत देतो. अशा प्रसंगी उलट्या उड्यांचीही सोय करावी लागते आणि फिनलंडमधील गटाने २००८ मध्ये ती करून दाखविली. तिसरी मर्यादा सर्वांत कठोर आहे. सारणीची यादी झाली तरी यादीही फुगतेच. ५० कृत्रिम अणूंची यादी साठवावयास सुमारे १८ हजार टेराबाइट लागतात. फाशांनी डोंगराचे वर्गमूळ काढले, डोंगर हलविला नाही.

हे सारे आता केवळ तात्त्विक राहिलेले नाही, याचे कारण क्वांटम संगणक. त्यातील प्रत्येक कृत्रिम अणू ही खुली प्रणाली आहे. आतील ऊर्जा गळून जाते आणि गणित बिघडते. किती बिघडेल, कोणत्या क्रमाने बिघडेल आणि दुरुस्तीची योजना तग धरील का, हे यंत्र बांधण्यापूर्वी याच चरित्रांच्या साहाय्याने तपासले जाते. दुरुस्तीची योजना सरासरीवर चालत नाही; तिला त्या एका खेपेत कोणती चूक झाली हे ओळखावे लागते. भारतातही हा विषय आता कागदावरचा नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याच्या टाटा संस्थेत सहा क्यूबिटांच्या, म्हणजे सहा कृत्रिम अणूंच्या, प्रक्रियकाची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यात संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातील प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सहभागी होत्या.

'काही न दिसणे' ही बातमी किती कामाची असू शकते, हे येल विद्यापीठातील मिशेल डेव्होरे (२०२५ च्या नोबेलचे एक मानकरी) यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखविले. त्यांच्या कृत्रिम अणूलाही १९८६ च्या आयनासारख्या उजळ आणि अंधाऱ्या अवस्था होत्या. चमक येत राहते तोवर अणू ठीक आहे. ती अचानक थांबली की उडी सुरू झाल्याची ती सूचना. त्या शांततेचे काही मायक्रोसेकंद मोजून, उडी अर्ध्यावर असतानाच, संशोधकांनी नेमका स्पंद सोडला आणि अणूला मूळ अवस्थेत परत आणले. उडीचा क्षण आधी सांगता येत नाही. पण एकदा सुरू झालेली उडी एका ठरीव वाटेने, सलगपणे जाते, असे त्यांना आढळले. बोर आणि श्रोडिंगर दोघेही थोडेथोडे बरोबर ठरले. प्रयोगाच्या गणितासाठी त्या गटात कारमायकेलही होते आणि शोधकाने मोजलेले चरित्र त्यांच्या सिद्धांताने काढलेल्या चरित्राशी जुळले.